पोचा पडलेला तांब्या

पहिलंच सांगून टाकते, हे लिहायला मला साडेचार महिने लागले. रोज दुपारी दोन-तीन ओळी. त्यापुढं गेलं की डोकं शिणतं आणि शब्द पळून जातात. 'तवा' हा शब्द मला तीन दिवस सापडत नव्हता आणि तवा समोर गॅसवर होता. तेव्हा एखादं वाक्य लंगडलं तर सांभाळून घ्या. माझ्या मुलीनं, वैशालीनं, काना-मात्रा तेवढ्या तपासल्यात. बाकीचं सगळं माझं आहे.

लिहायला बसले ते एका बाईमुळं. परभणीला तपासणीला गेले होते तेव्हा बाकावर माझ्या शेजारी ती नवऱ्याला घेऊन बसली होती. शेतकरी माणूस, वाचा गेलेली. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणत होती, पाणी म्हणा, पाणी म्हणा. त्याला चांगलं ऐकू येत होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. मला तिला खूप काही सांगायचं होतं, पण मला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्यांचा नंबर आला. तिथं सांगायचं राहिलं ते इथं सांगते.

खिडकी

आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. आमचे हे कीमन आहेत. म्हणजे रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन ठरलेल्या पट्ट्यातला रूळ पायी तपासत जायचं, रूळ धरून ठेवणारी चावी, म्हणजे लोखंडी पाचर, ढिली झाली असली तर ठोकून बसवायची, कुठं तडा दिसला तर लाल झेंडी लावायची. जुन्या चाव्या जाऊन आता क्लिपा आल्या, तरी कामाचं नाव तेच राहिलं. एकतीस वर्षं हा माणूस खाली बघत चाललाय.

मी त्यांना 'हे' म्हणते, कारण आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. रेशन कार्डावर ते लिहिलेलं आहे, फॉर्मवर मी माझ्या हातानं लिहिते. पण तोंडानं घेतलं ते लग्नात उखाण्यात, आणि नंतर वैशालीच्या बारशात बायकांनी दार अडवलं तेव्हा. तेही मान खाली घालून, भरभर. नुसतं नाव, उखाण्याशिवाय, कधीच नाही.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. बायका माप द्यायला येतात आणि तासभर बसतात, कारण मी बोलकी. शेजारच्या क्वार्टरमधल्या शेवंताकाकूंची खिडकी आमच्या खिडकीच्या अगदी समोर आहे, मध्ये दोन हातांचा बोळ. त्यांच्या फोडणीचा ठसका आम्हाला लागतो आणि आमचं भांडण त्यांना ऐकू जातं. घरात बोलायचं खातं माझ्याकडं होतं. ह्यांचं 'हूं' आणि 'बरं' एवढ्यावर भागायचं.

त्या सकाळी मी भाकरी थापत होते. हे डबा विसरून निघाले होते. मला म्हणायचं होतं, डबा. तोंडातून आलं, खिडकी. ह्यांनी वळून खिडकी लावली आणि परत निघाले. मी पुन्हा म्हणाले, खिडकी. ह्यांनी बाहेरच्या खोलीतली लावली. तिसऱ्यांदा म्हणाले तर मोरीची लावली. आपण भलतंच बोलतोय हे मला कळत होतं आणि तरी दुसरा शब्द तोंडाशी येत नव्हता. शेवटी हे वैतागून आत आले. "आता कोन्ती ऱ्हायली?" म्हणाले, आणि माझ्याकडं बघून जागीच थांबले. भाकरी अर्धी थापलेली, माझा उजवा हात काठवटीत पिठात पडलेला, आणि ओठ एका बाजूला ओढलेले.

शेवंताकाकू धावत आल्या. नजर लागली म्हणाल्या. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या. त्यात अर्धा तास गेला. त्यांनी मायेनंच केलं, मी मनात काही धरलेलं नाही. पण तुमच्या घरी असं झालं तर मिरच्या मागाहून जाळा, आधी गाडी बघा. परभणीला पोचेपर्यंत ह्यांनी माझा हात मांडीवर धरून ठेवला होता आणि त्यावरचं वाळलेलं पीठ नखानं काढत बसले होते.

पेन, घड्याळ आणि पाण्याची बाटली

मेंदूत रक्ताची गाठ अडकली असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं मला फार कळलं नाही, आणि ते सांगायला मी लिहीतही नाही. पाय परत येईल, हात हळूहळू येईल, बोलणं किती येईल ते आज सांगता येत नाही, असं त्यांनी ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं. बाजूला म्हणजे माझ्या खाटेपासून चार पावलांवर. माझं बोलणं गेलं होतं, कान नव्हते गेले. ही चूक सगळेच करतात. भेटायला आलेली माणसं माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायची, आता हिचं कसं व्हायचं, आणि मी आढ्याकडं बघत ऐकायची.

तिसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून विचारलं, हे काय आहे? मला ते काय आहे ते पक्कं माहीत होतं. निळं होतं, टोपण चावलेलं होतं. फक्त त्याचं नाव नव्हतं. मग मनगटावरचं घड्याळ. तेही नाही. मग म्हणाले, तुमचं नाव सांगा. माझं नाव कौसल्या. पन्नास वर्षं वापरलेलं नाव, ते कुठं जाऊन बसलं होतं कुणास ठाऊक. मग त्यांनी ह्यांच्याकडं बोट केलं आणि म्हणाले, यांना ओळखता ना, यांचं नाव काय?

खाटेभोवती सगळे उभे होते. वैशाली सासरहून, सेलूहून आली होती, ती म्हणाली, "सांग ना आई." मी मान खाली घातली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. हे पाण्याची बाटली उचलून भरायला गेले. ती बाटली भरलेलीच होती.

वॉर्डातले दिवस सारखेच असतात. सुई, गोळी, पेज, पंख्याचा आवाज, आणि दर तासाला कुणीतरी येऊन बोट दाखवून विचारणार, हे काय, ते काय. एकटी झाडूवाली मावशी काही विचारायची नाही. तिचं घर शेळ्या-मेंढ्यांचं. फरशी पुसता पुसता सांगत राहायची, कोणती शेळी व्याली, कोणतं पिल्लू दूध पीत नाही. तिला माझ्याकडून उत्तर नको होतं. एक दिवस फडकं पिळताना म्हणाली, "आमच्या शेळ्याबी बोलत न्हाईत बाई, पर समदं कळतं त्यायला." त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

भीती कशाची होती तेही सांगते. मरणाची नव्हती. घरात एका कोपऱ्यात बसवून ठेवलेली बाई होण्याची होती. हे आधीच न बोलणारे, त्यात मीही गप्प झाले तर त्या दोन खोल्यांत उरणार काय? मालगाडी जाताना भांडी वाजतात, तेवढाच आवाज.

जहाज आणि पियानो

बारा दिवसांनी घरी आले. आठवड्यातून एकदा परभणीला बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडं जायचं ठरलं. पूर्णेहून सकाळच्या गाडीनं जायचो, दुपारी परत. मॅडमकडं छापील चित्रांचा गठ्ठा होता. सफरचंद, जहाज, स्ट्रॉबेरी, केटली, पियानो. पियानो मला आजाराच्या आधीही कुणी विचारला नव्हता. मी सगळ्यात नापास झाले. मॅडम समजूतदार होत्या, त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला. म्हणाल्या, घरातल्या वस्तूंची चित्रं करा, रोज हाताळतात त्या वस्तूंची. आणि चित्रावर नाव लिहू नका, अक्षरसुद्धा नको. त्यांना आतून आठवू द्या.

वैशालीनं मोबाइलवर फोटो काढले आणि स्टेशनरोडच्या दुकानातून छापून आणले. फोटोत माझी भांडी इतकी चकचकीत दिसत होती की ती लग्नाच्या आहेराच्या दुकानातली वाटत होती. मी एकेक फोटो बघायची आणि काहीच यायचं नाही. वैशाली आधी समजावून विचारायची, मग तिचा आवाज चढायचा, मग ती मोरीत जाऊन तोंड धुऊन यायची. मला सगळं दिसत होतं.

दोन आठवड्यांनी तिनं विषय काढला की आईला सेलूला घेऊन जाते. बाबा दिवसभर लाइनीवर, इथं कोण बघणार? तिचं काही चुकत नव्हतं. हे म्हणाले, सकाळची पाळी मागून घेतली आहे, दुपारी मी घरीच असतो. आणि दुपारी करणार काय, असं तिनं विचारलं. ह्यांनी भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, पानं उलटी केली आणि सुताराची चपटी लाल पेन्सिल कुठूनशी शोधून आणली.

ह्या माणसानं आयुष्यात चित्र काढलेलं नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला शेतावर पळून जायचे, हे सासूबाई सांगायच्या.

पेरू

पहिलं चित्र तांब्याचं काढलं. मी बघितलं तर पेरू. देठासकट पेरू. मला हसू आलं. वाकड्या तोंडानं हसले, लाळ गळाली, पण हसले. आजारानंतरचं पहिलं हसू ते. ह्यांना वाटलं मला फीट आली, आणि मग कळलं की मी त्यांच्या चित्राला हसतेय. तर बरं वाटायच्या ऐवजी त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, हातपाय धुतले आणि तांब्या फरशीवर ठेवून त्याच्यासमोर पालथे पडले. हनुवटी जमिनीला, एक डोळा मिटलेला. रुळाची वाकण बघताना हे असेच पडतात, एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं होतं. तांब्या चार बोटं फिरवायचा, बघायचा, परत फिरवायचा. अर्धा तास कागदाला हात लावला नाही. मग काढायला बसले.

ह्या तांब्याबद्दल सांगायला पाहिजे. पितळी आहे, सासूबाईंनी घेतलेला. भांड्याच्या दुकानात ठिपके टोचून नाव घालून देतात, तसं त्याच्या गळ्याशी ह्यांचं नाव घातलेलं आहे. पोटाला एक मोठा पोचा आहे. वैशाली सहा वर्षांची असताना तिनं तो हापशाच्या ओट्यावरून खाली टाकला होता. मी तिला धपाटा घातला, मग दोघीही रडलो. घासताना माझा अंगठा बरोबर त्या पोच्यात बसतो. आजारी पडायच्या आधी मी तो मोडीत द्यायला पिशवीत घालून ठेवला होता.

ह्यांनी काढलेला तांब्या माझ्यासमोर आला. बाकी सगळं बेताचंच होतं, तळ जरा तिरका, काठ जाडा. पण पोचा होता. नुसता वाटोळा डाग नव्हता, आत गेलेला, एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला उतरता, जसा आहे तसा. हे रोज काय करतात? जिथं बिघडलंय ते आधी बघतात. रुळात तडा बघायची सवय तांब्यावर वापरली होती. मी डाव्या हाताचा अंगठा कागदावर त्या पोच्यावर ठेवला. तिथं थंडगार पितळ असल्यासारखं वाटलं, हापशाचं पाणी, वैशालीचं रडणं, सगळं आलं, आणि त्याच्या मागून अडखळत एक आवाज आला. तां. मग बऱ्याच वेळानं, तांब्या.

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हूं," म्हणाले. एवढंच. पण मोडीच्या पिशवीत न जाता तांब्या त्या दिवशी परत मांडणीवर गेला, आणि चित्र भिंतीवर.

मला जहाज नको होतं, फोटोतला चकचकीत तांब्याही नको होता. मला माझा पोचा पडलेला तांब्या हवा होता. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला दोन महिने लागले.

दोरीवरची चित्रं

मग रोज दुपारी एक. पोळपाट निघाला, त्याचा एक पाय आखूड आणि त्याखाली चिकटवलेला रबराचा तुकडा. सांडशी निघाली, खिळा ढिला झालेली, एक जबडा पुढं आलेला. विळी, तिच्या पात्याला मधोमध पडलेली झीज. माझी शिलाईची कात्री, मुठीला गुंडाळलेल्या चिंधीसकट. बाहेरच्या खोलीत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावली. सुपाला चार दिवस लागले, कारण ह्यांनी बांबूची प्रत्येक पट्टी मोजून विणीप्रमाणे काढली. कुठं तुटलेली आहे, कुठं मी सुतळीनं बांधलेली आहे, सगळं.

मी खाटेवर पडून ते सूप बघत राहिले आणि मला ते सुंदर वाटलं. हे मी उगाच म्हणत नाही. आम्हा बायकांना सुंदर म्हणजे पैठणीचा पदर, रांगोळी, लग्नाचा मांडव. सुपाला कुणी सुंदर म्हणतं का? सूप हे पाखडायचं. पण त्या पट्ट्या एकीवरून एक, एकीखालून एक जात होत्या, कडेला येऊन वळत होत्या, आणि कुणा बुरडाच्या बाईनं ते केलं असेल, ती कुठं असेल, असं मनात येत होतं. तीस वर्षं मी त्या सुपात ज्वारी पाखडली आणि ते एकदाही बघितलं नाही. हात लागला की काम होतं, मग बघायचं कशाला.

मी पडून पडून त्याचा विचार करायची. तवा मांडणीवर असला की मला दिसतं, घासायचा राहिलाय. कागदावरच्या तव्याला घासावं लागत नाही. त्याच्यामागं पुढचं काम उभं नसतं. त्यामुळं तो पहिल्यांदा नुसता तवा म्हणून दिसतो, काळा, गोल, मधे किंचित खोलगट, आणि काठावर भाकरी उलटताना उडालेल्या पिठाचे पांढरे ठिपके. मग मी उठून खरा तवा बघून आले. तोही तसाच होता. मला इतकं भरून आलं की मी गॅसपाशी उभी राहून रडले. ह्यांना वाटलं, कुठं भाजलं.

गोड गोड सांगत नाही. वाईट दिवसही होते. एका दुपारी ह्यांनी खलबत्ता काढला होता, सुंदर काढला होता, आणि मला बत्ता येईना. हे 'ब, ब' करून मला जोर द्यायला लागले. मी तो कागद चुरगाळून त्यांच्या अंगावर फेकला आणि तोंडातून स्वच्छ, ठणठणीत शब्द निघाला, मेल्या. आयुष्यात नवऱ्याला असं म्हणाले नव्हते. मी घाबरले. हे मात्र हसायला लागले. "शिवी आली म्हंजी मानूस जागेवर हाय," म्हणाले, आणि चुरगळलेला कागद मांडीवर घेऊन हातानं सरळ करत बसले. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, होतं असं, शिव्या आणि गाणी आधी येतात. खरंच, मला 'मीठ' मागता येत नव्हतं, पण जात्यावरची ओवी अख्खी म्हणता येत होती.

वैशालीचाही एक दिवस बांध फुटला. दोरीकडं बघून म्हणाली, "बाबा, आईला चांगला दवाखाना दाखवायचा सोडून तुम्ही चित्रं काढत बसलाय." हे खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिले. मला तिला सांगायचं होतं की दवाखाना दाखवलाय, गोळ्या चालू आहेत, आता जे चाललंय तेही औषधच आहे. एवढं वाक्य माझ्याकडं कुठलं. मी उठले, पाय ओढत आधी भिंतीपाशी, मग दोरीपाशी गेले आणि एकेका चित्राला हात लावत म्हणत गेले. तांब्या. पोळपाट. सांडशी. कात्री. सुपापाशी अडले, वैशालीनं तोंड उघडलं तशी मी हात वर करून तिला थांबवलं. बऱ्याच वेळानं सूप म्हणाले. ती जमिनीवर बसून रडली. सेलूला न्यायचं नाव तिनं परत काढलं नाही.

ज्यांच्या घरी माझ्यासारखं माणूस आहे त्यांना मी एवढंच सांगेन. ओरडू नका, आम्ही बहिरे नाही. शब्द तोंडात देऊ नका, शोधू द्या. आणि चित्र येत नाही म्हणून अडू नका. पेरू काढा. पण वस्तू समोर ठेवून, नीट बघून काढा, आणि तिच्यात काय मोडलंय ते विसरू नका.

राहिलेलं

मोडके-तोडके का होईना, होळीपर्यंत माझे दोन-तीन शब्द जोडून निघायला लागले. उजवा हात अजून सुई धरत नव्हता, पण डाव्या हातानं मी पेन्सिल धरायला शिकले होते. बायका परत माप द्यायला यायला लागल्या, आता त्याच बोलायच्या आणि मी हूं म्हणायची. घरातलं खातं उलटं झालं होतं. हे मात्र पूर्वीपेक्षा बोलायला लागले होते, चित्रं दाखवता दाखवता.

तरी एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. मॅडम कधी म्हणाल्या, आज घरातल्या माणसांची नावं घेऊ, तर हे उठून बाहेर जायचे. वैशाली, जावई, शेवंताकाकू सगळ्यांची नावं झाली. ह्यांच्याबद्दल मॅडम विचारणार असं दिसलं की ह्यांना बाहेर काहीतरी काम आठवायचं. तो भरलेल्या बाटलीचा दिवस मला आठवायचा.

एका दुपारी ऊन रणरणत होतं. खिडकी वाऱ्यासाठी उघडी टाकलेली, समोर शेवंताकाकू लसूण सोलत बसलेल्या दिसत होत्या. हे खाटेवर टेकून दोरीवरची चित्रं बघत होते. मी भिंतीवरचं तांब्याचं चित्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "यात एक... राहिलं."

कीमनला राहिलं म्हटलेलं खपत नाही. त्यांनी खरा तांब्या आणून शेजारी ठेवला. पोचा बघितला, काठ बघितला, तळ बघितला. "काय ऱ्हायलं? समदं बराबर हाय," म्हणाले. मी पेन्सिल घेतली. डाव्या हातानं, तांब्याच्या गळ्याशी, एकेक ठिपका टोचत गेले, दुकानदारानं टोचले होते तसे. ठिपके वाकडे जात होते. तिसऱ्या अक्षरापाशी ह्यांनी माझा हात धरला.

"मॅडम म्हनल्या व्हत्या, अक्षर नको," ते म्हणाले. मग खरा तांब्या हातात घेतला. "आन् खरं सांगू का? मला भ्या वाटलं. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं तव्हा तुला माझं नाव सांगता आलं न्हाई. तव्हापासून वाटायलंय, तुझ्या डोस्क्यातून म्या पुसून गेलोय. चित्रात नाव घातलं अन् तुला वाचता आलं न्हाई तर? म्हून न्हाई घातलं."

सहा महिने हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. तांब्या, पोळपाट, सूप, एकेक वस्तू माझ्या डोक्यात परत नेऊन ठेवत होते आणि मनात धरून बसले होते की आपण स्वतः तिथं नाही.

मला सगळं एकदम सांगायचं होतं. त्या दिवशी पेन गेलं होतं, घड्याळ गेलं होतं, माझं स्वतःचं नाव गेलं होतं. डोकं झाडून रिकामं केल्यासारखं झालं होतं आणि त्यात एकच नाव होतं तसं राहिलं होतं. जे मी कधी वापरलंच नाही तेवढंच शिल्लक. जीभ वळली असती की नाही माहीत नाही. पण वॉर्डभर माणसं उभी होती, आणि मी मान खाली घातली. हे सगळं मला आज लिहिता येतंय. त्या दुपारी माझ्याकडं तीनच शब्द होते.

"होतं," मी म्हणाले. "तेवढंच होतं."

"मग बोल्ली का न्हाईस?"

ह्याचं उत्तर मात्र न अडखळता आलं. "लाज."

ह्यांनी माझा हात सोडला. मी उरलेले ठिपके पूर्ण केले, पेन्सिल ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, उखाणा न घेता, मान खाली न घालता म्हणाले, "मुंजाजी."

समोर लसूण सोलणारे हात थांबले. हे ताडकन उठले, कान लालबुंद झालेले. आधी जाऊन खिडकी लावली, कडी घातली आणि परत येऊन माझ्यासमोर बसले.

"आता परत म्हन," म्हणाले.